पावसाळ्यात अडकणारं, फेब्रुवारीत खुळखुळणारं झाकण: लेथवर कातलेल्या लाकडी करंड्यांची दरवर्षीची तक्रार

जून संपत आला की झाकण घट्ट व्हायला लागतं. ऑगस्टमध्ये ते ओढूनही निघत नाही. मग कोणीतरी पॉलिश पेपर घेऊन टेनन, म्हणजे झाकणाचा तोंडात शिरणारा भाग, गोल गोल घासतं. झाकण सुटतं आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. फेब्रुवारीत तेच झाकण करंडा उचलला की खुळखुळतं आणि पुढच्या पावसात पुन्हा अडकतं. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, खाडीच्या अलीकडे-पलीकडे जो कोणी लेथवर झाकणाची पोकळ भांडी काढतो, त्याच्याकडे ही तक्रार येतेच.

घासण्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण बहुतेक वेळा टेनन मोठा झालेला नसतो, तो लांबट झालेला असतो. चहूबाजूंनी सारखं घासलं की जिथे जागा होती तिथेही लाकूड कमी होतं. दोन-तीन पावसाळ्यांत झाकण कायमचं सैल पडतं आणि तरीही एका दिशेला अडकायचं राहतंच.

आधी कारण ओळखा

पहिली चाचणी हाताची. झाकण बसवताना वेगवेगळ्या स्थितींत फिरवून पाहा. एका ठिकाणी सहज बसलं, पाव फेरा फिरवल्यावर अडलं आणि अर्धा फेरा फिरवल्यावर पुन्हा सहज बसलं, तर दुसरं काही शोधायची गरज नाही. तोंड आणि टेनन दोन्ही लंबगोल झालेत. अर्ध्या फेऱ्याला पुन्हा जुळणं ही याची पक्की खूण.

दुसरी चाचणी व्हर्नियरची, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या कॅलिपरची. तोंडाचा आतला व्यास चार दिशांना, प्रत्येकी ४५ अंशांच्या अंतराने मोजा. टेननचा बाहेरचा व्यासही तसाच मोजा. ६० मिमीच्या तोंडात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापात ०.१५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर लाकूड हललंय. मग तोच व्यास तोंडाच्या काठाशी आणि ८ मिमी आत असा दोनदा घ्या. आत माप कमी भरत असेल तर तोंड उतरतं कापलं गेलंय. असं झाकण पाचरीसारखं रुतत जातं आणि त्यात हवामानाचा दोष फार थोडा असतो.

मापात जागा दिसतेय आणि तरी झाकण चिकटतंय, असं असेल तर पॉलिश तपासा. त्याबद्दल पुढे.

शेवटचा प्रश्न ऋतूचा, आणि तो विचारायचा बरेच जण विसरतात. झाकण पावसात अडकतं की कोरड्या हवेत? करंडा उभ्या रेषांचा (लाकडाच्या रेषा लेथच्या अक्षाला समांतर) आणि झाकण मात्र फळीतून कापलेलं, म्हणजे आडव्या रेषांचं असेल, तर ते जानेवारी-फेब्रुवारीत अडकतं. लाकूड रेषांच्या लांबीत जवळपास हलत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांत तोंड सगळीकडून आवळतं आणि फळीच्या झाकणाचा लांबीकडचा व्यास होता तेवढाच राहतो. अशा जोडीवर घासकाम करत बसू नका. नवं झाकण उभ्या रेषांच्या लाकडातून काढा. डिझाइनसाठी आडव्या रेषांचंच झाकण हवं असेल, तर टेनन निम्मा मिमी सैल ठेवून वरची कड तोंडाबाहेर ३-४ मिमी येऊ द्या, म्हणजे फट झाकली जाते.

ऑक्टोबरातली एक तक्रार वेगळी असते. पाऊस थांबतो, ऊन तापतं, करंड्याची ४ मिमीची भिंत काही दिवसांत सुकते. झाकण मात्र कळसासकट जाड, भरीव. ते सुकायला काही आठवडे घेतं. मधल्या काळात आवळलेलं तोंड फुगलेल्या टेननला धरून बसतं आणि काठाला उभी चीर जाते. ऑक्टोबरात चीर गेलेला करंडा दिसला तर आधी झाकणाची जाडी पाहा. टेननच्या आतून पोकळी काढून झाकणाची भिंतही ४-५ मिमीवर आणली तर दोन्ही भाग साधारण एकाच गतीने ओले-सुके होतात.

लाकूड किती हलतं, आकड्यांत

गैरसमज असा, की पावसात लाकूड फुगतं म्हणजे भोक लहान होतं. उभ्या रेषांच्या करंड्यात तसं नसतं. भिंत फुगते तसं तोंडही मोठं होतं. झाकण त्याच लाकडाचं असेल तर तेही तेवढंच मोठं होतं आणि मधली फट जवळपास तीच राहते. अडचण येते ती लाकूड दोन दिशांना सारखं फुगत नाही म्हणून. वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेने ते जास्त फुगतं आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने कमी.

सागवान ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.५ टक्के आणि सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आवळतं. ही हालचाल ओलावा साधारण २८ टक्क्यांच्या खाली आल्यावर होते. म्हणजे लाकडातला ओलावा १ टक्क्याने बदलला की एका दिशेला ०.२ टक्के आणि दुसऱ्या दिशेला ०.०९ टक्के फरक पडतो. दोन्हींतलं अंतर ०.११ टक्के. गोल तोंडाला लंबगोल करतं ते हे अंतर.

आता आपल्याकडची हवा. जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. त्या हवेत बराच काळ ठेवलेलं लाकूड १७ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारची आर्द्रता ५० टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याखालीही उतरते, रात्री पुन्हा चढते, आणि लाकूड ११ टक्क्यांच्या आसपास राहतं. दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत ते ९-१० टक्क्यांवर येतं.

एसीच्या खोलीत १० टक्क्यांवर ठेवलेला सागवानाचा तुकडा घेऊन ६० मिमीचं तोंड कातलं आणि करंडा ऑगस्टमध्ये उघड्या कपाटात गेला, तर ओलावा ७ टक्क्यांनी वाढतो. एका दिशेला ०.८४ मिमी वाढ, दुसऱ्या दिशेला ०.३८ मिमी. तोंड ०.४६ मिमीने लांबट होतं आणि टेननही तितकाच. दोन्ही एकाच दिशेला लांबट असतील तर बसतात. झाकण पाव फेरा फिरवून ठेवलं तर टेननची लांब बाजू तोंडाच्या आखूड बाजूला भिडते. जवळपास अर्ध्या मिमीची फट मुळात ठेवलेली नसेल, तर झाकण तिथेच अडणार.

हाच करंडा १४ टक्क्यांवर असताना कातला, तर पावसात ओलावा ३ टक्क्यांनी वाढेल आणि हिवाळ्यात ३ टक्क्यांनी उतरेल. दोन्ही वेळा लांबटपणा ०.२ मिमी. म्हणजे व्यासात ०.३ मिमी फट ठेवली तर झाकण वर्षभर कुठल्याही स्थितीत बसतं आणि तरी खुळखुळण्याइतकं सैल वाटत नाही. एवढं सगळं गणित फक्त एका गोष्टीवर ठरतं: तोंड आणि टेनन कातले तेव्हा लाकूड किती ओलं होतं.

मिठाचा डबा

१४ टक्के ओलावा हवा असेल तर लाकूड ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवावं लागतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. मीठ पाण्यात संपृक्त झालं की बंद डब्यातली हवा २५-३० अंश तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. हा आकडा इतका भरवशाचा आहे की हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, तपासायलाही तोच वापरतात.

रबरी कड असलेला १०-१२ लिटरचा हवाबंद डबा घ्या. पसरट वाटीत पाव किलो साधं मीठ घाला आणि ते ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी मिसळा. न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे, नाहीतर आर्द्रता वर जाते. वाटीवर प्लास्टिकची जाळी किंवा उलटी चाळणी ठेवून त्यावर करंड्याचे कच्चे (अंतिम मापापेक्षा जाड कातलेले) भाग ठेवा. मीठ लाकडाला लागता कामा नये. एक स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर आत ठेवा. एक दिवसानंतर तो ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. तो बदलायची गरज नाही.

पावसाळ्यात लाकूड ओलं असल्याने वाटीत पाणी सुटेल, तेव्हा मूठभर मीठ टाका. हिवाळ्यात मीठ कोरडं पडेल, तेव्हा दोन चमचे पाणी. भाग दर चौथ्या दिवशी किचनच्या डिजिटल काट्यावर तोला. एक ग्रॅम अचूकतेचा काटा छोट्या करंड्याला पुरत नाही, ०.१ ग्रॅमचा घ्या. आठवडाभरात वजनात ०.२ टक्क्यांपेक्षा कमी फरक पडला की लाकूड स्थिरावलं. १० मिमी भिंतीच्या कच्च्या करंड्याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. डब्यात कॉम्प्युटरचा छोटा पंखा फिरवला तर वेळ वाचतो.

हा डबा ताजं लाकूड सुकवायला नाही. २० टक्क्यांच्या वरचं लाकूड त्यात ठेवलं तर आर्द्रता ७५ च्या वर जाऊन तिथेच थांबते आणि आठवड्यात बुरशी येते. आंबा आणि रबरवुड याबाबतीत सर्वांत नाजूक. पहिले चार दिवस रोज दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा आणि करंड्याच्या आतली बाजू बघत राहा.

पिनवाला मॉइश्चर मीटर पातळ, वक्र भिंतीवर भरवशाचा नाही. लाकडाच्या जातीप्रमाणे त्याचं रीडिंगही बदलतं. खात्री करायची असेल तर त्याच ओंडक्याचा एक तुकडा तोला, ओटीजीमध्ये (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा (पातळ तुकड्याला एक दिवस पुरतो) आणि पुन्हा तोला. ४६ ग्रॅमचा तुकडा ४० वर थांबला, तर ६ भागिले ४०, म्हणजे १५ टक्के.

कातताना क्रम चुकतो तो इथे

तुकडा निवडताना गाभा बाहेर गेला पाहिजे. तुकड्याच्या मधोमध गाभा असेल तर वर्तुळं तोंडाभोवती पूर्ण फिरतात आणि सुकताना चीर जवळजवळ ठरलेलीच. टोकावर वर्तुळं शक्य तितकी सरळ, एकमेकांना समांतर दिसली पाहिजेत. सागवानात ती स्वच्छ दिसतात. आंब्यात पुसट असतात, टोकाला ओला फडका फिरवला की रंगाचे पट्टे उठतात.

७० मिमी व्यासाच्या आणि १२० मिमी उंचीच्या करंड्यासाठी ८० × ८० × १९० मिमीचा तुकडा धरा. गोल केल्यावर दोन्ही टोकांना चकसाठी, म्हणजे लेथवर लाकूड धरणाऱ्या पकडीसाठी, ५० मिमी व्यासाचे, ६-७ मिमी लांब टेनन काढा (हे झाकणाच्या टेननहून वेगळे). झाकण वेगळं कापण्याआधी तुकड्याच्या पूर्ण लांबीवर एक पेन्सिलीची रेघ ओढा आणि ती पुसू देऊ नका. झाकण आणि भांडं एकाच तुकड्याचे, शेजारशेजारचे असले की त्यांची हालचाल जुळते. रेघ जुळवली की दोन्ही एकाच दिशेला लांबट होतात. पार्टिंग टूलने (कापून वेगळं करायच्या अरुंद पात्याने) ३ मिमी आणि टेननच्या उंचीचे ८-१० मिमी जातात, तेवढा रेषांचा सांधा तुटतो, तेवढं चालतं.

कच्चं काढताना भिंत व्यासाच्या १५ टक्के, म्हणजे १०-११ मिमी ठेवा. आत २० मिमीचं फोर्सनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारं बिट) टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या सरकत्या टोकाने, तळापासून ८ मिमी अलीकडेपर्यंत उतरवा, मग बोअरिंग बारने, म्हणजे आतून कापणाऱ्या लांब दांड्याच्या टूलने, रुंद करा. वेग मिनिटाला ८०० ते १००० फेरे पुरेत. अरुंद तोंडाच्या पोकळ भांड्यात भुसा बाहेर पडायला वाट नसते. दर अर्ध्या मिनिटाला लेथ थांबवून भुसा काढा. न काढता काम रेटलं तर टूल भुश्यावर घसरतं आणि भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ राहते. अशी असमान भिंत ओलाव्याने असमान हलते आणि तोंड वाकडं होतं, त्याला कुठलीही फट पुरत नाही.

मिठाच्या डब्यातून आलेला भाग लेथवर चढवल्यावर चकमधला टेनन थोडा लंबगोल झालेला आढळेल. तो आधी गोल करून घ्या. मग आतली पोकळी अंतिम मापाला आणा, भिंत ४-५ मिमी, पण तोंडाच्या कड्यापाशी ६-७ मिमी राहू द्या. आता थांबा. पोकळी काढल्यावर लाकडात दडलेला ताण मोकळा होतो आणि भिंत पुढच्या काही तासांत सरकते. करंडा रात्रभर त्याच मिठाच्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तोंड कापा. हा एक टप्पा गाळला म्हणून बिघडलेले करंडे बाकी सगळ्या कारणांनी बिघडलेल्यांपेक्षा जास्त असतील.

तोंड आधी, टेनन नंतर. आतल्या व्यासापेक्षा बाहेरचा व्यास हलके हलके उतरवणं सोपं जातं. चौकोनी टोकाचं स्क्रेपर (खरवडून कापणारं टूल) लेथच्या बेडला, म्हणजे आडव्या पायाला, समांतर धरून तोंडाची आतली भिंत सरळ कापा, शेवटचे काप ०.२ मिमीचे. टेनन ६ ते ८ मिमी लांब आणि तितकाच सरळ. ४ मिमीपेक्षा आखूड टेननचं झाकण डुगडुगतं, मग सैल नसूनही सैल वाटतं. टेननच्या टोकाला निम्मा मिमीचा उतार द्या आणि खांदा (टेननभोवतीची सपाट पायरी) आतल्या बाजूला किंचित खोल कापा, म्हणजे झाकण बाहेरच्या कडेवर टेकतं.

मोजमाप करताना लाकूड गार असलं पाहिजे. ३२० नंबरचा पॉलिश पेपर फिरत्या टेननवर दाबला की पृष्ठभाग तापतो, तिथला ओलावा उडतो आणि टेनन तेवढ्यापुरता आवळतो. त्या क्षणी छान बसलेलं झाकण तासाभरात घट्ट होतं. पेपर लावल्यावर वीस मिनिटं जाऊ द्या, मग व्हर्नियर लावा. टेननवर तर शक्यतो पेपर लावूच नका, धारदार टूलचा काप पुरेसा गुळगुळीत असतो.

फट किती ठेवायची? वर सांगितल्याप्रमाणे ७५ टक्के आर्द्रतेला स्थिरावलेल्या सागवानात ६० मिमीला व्यासात ०.३ मिमी. ३० मिमीच्या लहान तोंडाला ०.२, १०० मिमीला ०.४ ते ०.४५. रेघ जुळवूनच झाकण ठेवलं जाणार असेल तर याच्या निम्मी फट चालते, पण दुसऱ्याच्या घरात रेघ कोण जुळवणार? कुंकवाचा किंवा दागिन्यांचा करंडा रोज उघडला जातो, त्याचं झाकण कसंही ठेवलं तरी बसलं पाहिजे.

पॉप आवाज करून निघणारं घट्ट झाकण परदेशी व्हिडिओंत फार देखणं दिसतं. खाडीकाठच्या हवेत त्याचा हट्ट धरू नये. तो आवाज फटीत कोंडलेल्या हवेचा असतो आणि त्यासाठी ०.०५ मिमीच्या आतली फट लागते. वर्षातले तीन महिने ती टिकेल. शोभेच्या करंड्याचं झाकण बोटाच्या वजनाने खाली बसावं, एवढं पुरे. हवा कोंडून झाकण वर उचललं जात असेल तर टेननवर १ मिमी रुंद, निम्मा मिमी खोल अशी एक उभी खाच द्या.

अडकलेलं झाकण सोडवताना

स्क्रू-ड्रायव्हर, सुरी, पेचकस काहीही फटीत घालू नका, कड तुटते आणि तो व्रण झाकता येत नाही. हेअर ड्रायर हा दुसरा मोह. गरम हवेने आधी बाहेरची पातळ भिंत सुकते आणि आवळते, म्हणजे तोंड झाकणाला आणखी घट्ट धरतं. चीर जायची तर अशीच जाते. सिलिका जेलच्या डब्यात एकदम टाकण्याचाही परिणाम तोच.

करंडा तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पिशवीला सुईने चार-पाच भोकं पाडा आणि पिशवी एसी चालणाऱ्या खोलीत आठ-दहा दिवस राहू द्या. सुकणं हळू झालं की भिंत आणि झाकण बरोबरीने आवळतात आणि लांबटपणा कमी होतो. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी झाकणाला गुंडाळून पकड घ्या. एका हाताने झाकण फिरवत दुसऱ्या हाताने सांध्याखाली लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्या. सरळ ओढू नका, फिरवा. पाव फेऱ्याच्या आत ते मोकळं होतं, कारण मोकळी जागा तिथेच असते.

निघाल्यावर टेनन बघा. जिथे घासलं गेलंय तिथे दोन समोरासमोरचे चकाकते पट्टे दिसतील. दिसत नसतील तर तोंडाच्या आत मऊ पेन्सिल फिरवून झाकण एकदा बसवून काढा, डाग उठतो. २४० नंबरचा पेपर सपाट पट्टीला चिकटवून फक्त तेवढेच पट्टे हाताने उतरवा, एका वेळी ०.१ मिमीपर्यंत. लेथवर चढवून गोल घासणं इथे चूक, कारण बाकीच्या भागात लाकूड जास्त नाहीच. उघड्या पडलेल्या लाकडावर पातळ लाखदाणा पॉलिशचा एक हात देऊन दोन दिवस झाकण वेगळं ठेवा.

करंडा अजून घडत असेल तर तळाचा चकचा टेनन लगेच कापू नका. एक पावसाळा जाऊ द्या. परत लेथवर चढवायची वेळ आली तर तो लागतो.

पॉलिशमुळे चिकटत असेल तर

फट आहे, तोंड गोल आहे, तरी झाकण चर्र आवाज करत निघतं आणि टेननवर पॉलिशचे तुकडे उठलेले दिसतात. यात लाकडाचा दोष नाही. दमट हवेत सॉल्व्हंट आणि तेल हळू सुकतं, आणि बंद झाकणाखाली तर हवाच पोहोचत नाही. जवसाचं किंवा तुंगाचं तेल करंड्याच्या आत लावलं की ते महिनोन्महिने चिकट राहतं आणि वास धरतं. सुकायला त्याला ऑक्सिजन लागतो, तो बंद भांड्यात मिळत नाही. आतल्या बाजूला तेल नको. (तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवून मग उघड्यावर पसरून वाळवा.)

आतल्या भिंतीसाठी लाखदाणा आणि स्पिरिट सर्वांत सोयीचं. १ लिटर स्पिरिटला १०० ग्रॅम लाखदाणा, एक रात्र विरघळू द्या, कापडातून गाळा. अरुंद तोंडाच्या करंड्यात हात जात नाही, तिथे ३०-४० मिली ओतून करंडा फिरवा आणि उलटा करून निथळू द्या. दोन वेळा. आतून काहीच न लावता बाहेरून चार हात पॉलिश केलं तर भिंत एका बाजूने ओलावा पिते आणि वाकते, म्हणून आत-बाहेर थोडंफार सारखं असलं पाहिजे. मात्र पॉलिशने लाकूड हलायचं थांबत नाही, फक्त सावकाश हलतं. झाकण अडकतंय म्हणून पॉलिशचे हात वाढवणारे पुष्कळ भेटतात, त्याने टेनन जाड होतो एवढंच.

भर पावसात लाखदाणा किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं की पांढरट धुरकट झाक येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यात अडकतं. हायग्रोमीटर ७० च्या खाली दाखवेल त्या दुपारीच मारा, नाहीतर एसीच्या खोलीत. आलेली झाक बहुतेक वेळा स्पिरिटचा ओलसर बोळा हलक्या हाताने फिरवला की जाते.

लेथवर लाखेची कांडी दाबून रंग चढवणार असाल, तर टेनन आणि तोंडाची आतली भिंत सोडून द्या. लाख उष्णतेने मऊ होते, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेला असा करंडा उघडत नाही. टेननवर पातळ लाखदाणा पॉलिशचा एकच हात, आठवडाभर उघड्यावर सुकवून त्यावर मेणबत्तीचं मेण घासा आणि फडक्याने पुसा. मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा लॅकर काहीही असो, नाकाला वास येतोय तोवर झाकण बंद करायचं नाही.

लाकूड

जुन्या इमारती पाडताना निघणारं सागवान या कामाला उत्तम. अनेक वर्षं इथल्याच हवेत राहिलेलं असतं आणि आतला ताण बराचसा निवळलेला असतो. रे रोडच्या लाकूड बाजारात, भिवंडीकडच्या भंगारवाल्यांकडे तुळयांचे तुकडे मिळतात. कातण्याआधी चुंबक फिरवा, आत तुटलेले खिळे असतात आणि गॉजची (लेथच्या गोल पटाशीची) धार एका खिळ्यात जाते.

पण अडकणारं झाकण ही मुख्य तक्रार असेल, तर रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष, म्हणजे विलायती शिरीष, विचारात घ्या. त्याचं आवळणं वर्तुळांच्या दिशेने सुमारे ३.४ टक्के आणि सालीच्या दिशेने २ टक्के. लांबटपणा सागवानाच्या निम्म्यावर येतो. तपकिरी, काळपट रेषांचं लाकूड आहे, कातायला मऊ. पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांचे ओंडके शहरात दरवर्षी निघतात. उभ्या झाडाला हात लावायचा तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. भुसा नाकाला झोंबतो, एन-९५ मास्क लावा, शिसवीलाही तोच नियम. जूनमध्ये आणलेला ताजा ओंडका लगेच कच्चा काढा, टोकांना मेण लावा, खाकी कागदाच्या पिशवीत त्याच्याच भुश्यासह ठेवा आणि आठवड्यातून एकदा भुसा बदला, नाहीतर बुरशी धरते. ऑक्टोबर सरेपर्यंत तो १७ टक्क्यांखाली येत नाही. दिवाळीनंतर मिठाचा डबा, आणि डिसेंबरात झाकण.

आंब्याचं आकडेगणित सागवानापेक्षा बरं दिसतं, ५.५ आणि ३.६, म्हणजे दोन्ही दिशांतलं अंतर कमी. पण त्यात भुंगा लागतो, रेषा उलटसुलट असतात आणि टूल खेचतं. रंगीत, लाख चढवलेल्या करंड्यांना चालेल.

करंडा नाशिक-पुण्याकडे किंवा सतत एसी असलेल्या घरात जाणार असेल, तर मिठाच्या डब्यातून काढल्यावर तो एसीच्या खोलीत दोन आठवडे राहू द्या, वजन थांबलं की मग तोंड कापा, आणि फट ०.३ ऐवजी ०.४ ठेवा. पेन्सिलीची ती रेघ झाकणाच्या आणि तोंडाच्या आतल्या बाजूला उतरवून पॉलिशखाली तशीच राहू द्या. पावसात तक्रारीचा फोन आला, तर रेघ जुळवून बघा, एवढंच सांगावं लागतं.